ग्रीक मंदिराचं बांधकाम दाखवताना क्रम कुठे चुकतो: खाणीपासून रंगापर्यंत एकेक टप्पा

ग्रीक मंदिर कसं बांधलं हे टप्प्याटप्प्याने दाखवायचं असलं की बहुतेक जण, मग ते आर्किटेक्चरचे विद्यार्थी असोत, थ्रीडी ॲनिमेशनवाले असोत नाहीतर मुलांच्या प्रोजेक्टसाठी रात्री थर्माकोल कापत बसलेले आईबाप असोत, एकच प्रकार करतात. तयार, गुळगुळीत, पन्हळ्या (अंगावरच्या उभ्या खोबणी) पाडलेले खांब आणायचे, चौथऱ्यावर उभे करायचे, वर छप्पर ठेवायचं, झालं मंदिर. तसं ते बांधलंच जात नव्हतं. ग्रीक मंदिर आधी ओबडधोबड उभं राहतं आणि मग सगळ्यात शेवटी वरून खाली येत येत तासलं जातं. प्रत्येक दगडावर थोडा जादा दगड मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तो जादा दगड कधी काढायचा यावर सगळा क्रम ठरतो. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

खाली मुख्यतः अथेन्सचं पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) धरलंय कारण त्याची मापं नीट मिळतात. पण पार्थेनॉन हा बऱ्याच बाबतीत अपवाद आहे, तिथे दुसरी मंदिरं घेतलीत. तुम्ही साइटवरचे मुकादम आहात असं समजून चला.

## सुरू करण्याआधी काय काय ठरवायचं

दगड कुठला? सगळं पांढऱ्या संगमरवरात दाखवू नका. बहुतेक ग्रीक मंदिरं जवळच्या खाणीतल्या चुनखडीची आहेत, आणि त्या खडबडीत दगडावर पांढरा बारीक गिलावा चढवलेला असायचा म्हणून लांबून संगमरवर वाटायचं. ऑलिंपियाचं झ्यूसचं मंदिर तसंच, दगड स्थानिक, त्यात शिंपले दिसतात, आणि पारोस बेटाचा संगमरवर फक्त शिल्पांना नि छपराच्या कौलांना. कॉरिंथचं अपोलोचं मंदिर चुनखडीचं, दक्षिण इटली आणि सिसिलीतली मंदिरं बहुतेक तशीच. अथेन्सला नशिबाने सोळाएक किलोमीटरवर पेंटेली डोंगर होता, त्याच्यात उत्तम संगमरवर, म्हणून पार्थेनॉनला पायापासून वरचं जवळजवळ सगळं त्याचं. या दगडात लोहाचा अंश असतो, त्यामुळे जुना झाल्यावर तो मधासारखा पिवळसर होतो. बांधकाम चालू असल्याचा सीन असेल तर दगड पांढराच दाखवा, ती पिवळी छटा नंतरची.

आणखी मागे, इ.स.पू. ६०० च्या आसपासचं मंदिर दाखवत असाल तर दगडाचा नाद सोडा. ऑलिंपियाच्या हेराच्या मंदिरात भिंतीचा खालचा भाग दगडी, वरचा कच्च्या विटांचा, आणि खांब मुळात लाकडी, जे नंतर एकेक करून दगडात बदलले गेले. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसानियस हा ग्रीक प्रवासी लेखक तिथे गेला तेव्हा मागच्या बाजूला एक ओकचा खांब अजून उभा होता.

खांब किती? समोर ८ आणि बाजूला १७ म्हणजे एकूण ५० असं धडाधड लिहिलेलं दिसतं. कोपऱ्यातले चार खांब दोन्हीकडे मोजले जातात, म्हणून ५० वजा ४, बाहेरचे खांब ४६. बाजूचे खांब म्हणजे समोरच्याच्या दुप्पट अधिक एक, हे गणित पार्थेनॉनला (८ × १७) आणि ऑलिंपियाला (६ × १३) लागू पडतं, पण सिसिलीतल्या सेजेस्टाला ६ × १४ आहेत, तेव्हा तो कायदा समजू नका, त्या त्या मंदिराचा प्लॅन बघा.

कोपऱ्याचं काय करणार? हे कागदावरच सोडवावं लागतं, साइटवर सुटत नाही. डोरिक (साध्या, जाड खांबांच्या शैलीच्या, पार्थेनॉनसारख्या) मंदिरात तुळईच्या वर एक पट्टा असतो, त्यात उभ्या खाचांची ट्रायग्लिफ आणि मधे शिल्पाची चौकट म्हणजे मेटोपी, अशी आळीपाळीने. ट्रायग्लिफ खांबाच्या बरोबर मध्यावर यायला हवं, पण शेवटचं मात्र कोपऱ्याला चिकटूनच हवं. तुळई ट्रायग्लिफपेक्षा जाड असल्याने दोन्ही एकदम जमत नाही. मग शेवटचा खांब आत सरकवायचा. किती? तुळईच्या जाडीतून ट्रायग्लिफची रुंदी वजा करा आणि निम्मं करा, किमान तेवढं. पार्थेनॉनमध्ये नेहमीचं अंतर खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४.३ मीटर आणि कोपऱ्याला साधारण ३.७, म्हणजे गरजेपेक्षाही जरा जास्तच सरकवलेत.

तपासा: प्लॅनमध्ये सगळे खांब सारख्या अंतरावर आले असतील तर थांबा. वर गेल्यावर शेवटची मेटोपी ताणून रुंद करावी लागेल आणि ते कुठल्याही फोटोशी जुळणार नाही.

## टप्पा १: कागदपत्रं आणि नमुने

आजच्यासारखा ड्रॉइंगचा गठ्ठा नसायचा. शब्दांत लिहिलेले स्पेसिफिकेशन असायचे, ठेकेदाराशी करार, जामीनदार, उशीर झाला तर दंड. कॅपिटलसारख्या (खांबाच्या माथ्यासारख्या) भागाचा एक पूर्ण आकाराचा नमुना, लाकडात नाहीतर मातीत, बनवून ठेवायचे आणि पाथरवटांनी त्यावरून बाकीचे काढायचे.

ड्रॉइंग लागायचंच तिथे ते चक्क इमारतीवर काढायचे. तुर्कस्तानातल्या डिडिमाच्या अपोलो मंदिरात गाभाऱ्याच्या भिंतींवर अशा बारीक कोरलेल्या रेषा १९७९ मध्ये सापडल्या. बरीच ड्रॉइंग पूर्ण मापाची, पण खांबाचा फुगवटा काढताना उंची १६ पटीने दाबलेली आणि रुंदी खरी ठेवलेली, म्हणजे इतका हलका बाक एका नजरेत दिसावा. भिंतीचं शेवटचं तासकाम झालं असतं तर हे सगळं पुसून गेलं असतं. मंदिर पुरं झालंच नाही म्हणून आपल्याला मिळालं.

## टप्पा २: खाण

दगडाभोवती टोकदार हत्याराने चर खणायचे, खालून पाचरी ठोकायच्या, दगड सुटतो. खांबाच्या ड्रमसाठी (एकावर एक रचायचे खांबाचे गोल तुकडे) तर खडकातच गोल चर मारून दंडगोल सोडवायचे. हे प्रत्यक्ष बघायचं तर सिसिलीतल्या कावे दी कुसा खाणीचे फोटो काढून बघा. सेलिनुंतेच्या मंदिरासाठी तिथे ड्रम काढणं चालू होतं, इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजवाल्यांनी शहर घेतलं आणि काम तिथल्या तिथे थांबलं. अर्धे सुटलेले ड्रम आजही खडकाला चिकटलेले आहेत आणि भोवतीचा चर एक माणूस उभा राहून काम करेल एवढाच.

खाणीतून दगड हव्या त्या मापाचा नाही, त्याहून मोठा काढायचा. सगळ्या बाजूंनी काही सेंटिमीटर जादा. वाटेत आपटणार, कडा तुटणार, हे धरलेलंच असायचं. खाणीतच जमेल तेवढं ओबडधोबड तासायचं ते मात्र वजन कमी करायला.

वजनाचा अंदाज असू द्या. संगमरवर एका घनमीटरला साधारण २.७ टन. पार्थेनॉनचा खालचा ड्रम १.९ मीटर व्यासाचा आणि उंची पाऊण ते एक मीटर धरली तर सहा-सात टन भरतो, आणि हे तयार मापाचं, जादा दगड वेगळाच.

सावधान: चार माणसं खांद्यावर ड्रम नेताहेत असं चित्र काढू नका. खूप जण काढतात.

## टप्पा ३: वाहतूक

पैसा इथे जातो. पेंटेलीवरून खाली उताराचा दगडी रस्ता, दगड लाकडी घसरगाडीवर बांधलेला, आणि ती सुसाट सुटू नये म्हणून रस्त्याकडेच्या खुंटांना दोर गुंडाळून हळूहळू सोडत आणायचं. त्या खुंटांची भोकं अजून दिसतात. सपाटीला आल्यावर बैलगाड्या. पेंटेलीहून अथेन्सजवळच्या एल्युसिसला खांबाचे ड्रम नेल्याचे इ.स.पू. चौथ्या शतकातले हिशेब दगडावर कोरलेले आहेत, त्यात एका ड्रमला तीसच्या आसपास बैलजोड्या आणि तीन दिवस लागल्याचं दिसतं. एका ड्रमला.

लांब तुळया आणि अखंड खांब गाडीवर बसत नाहीत. इफिससच्या आर्टेमिस मंदिरासाठी खेर्सिफ्रोनने खांबाच्या दोन्ही टोकांना खुंट्या बसवून लाकडी चौकटीत तो रोलरसारखा लोळवत आणला, आणि त्याच्या मुलाने, मेटाजेनेसने, तुळईच्या टोकांना मोठी चाकं बसवून तुळईलाच आस बनवलं.

## टप्पा ४: पाया

मंदिराखाली अखंड दगडी चौथरा भरलेला असतो असं समजतात. बऱ्याचदा नाही. पाया भिंतींच्या आणि खांबांच्या ओळीखालीच असतो, मधे माती आणि दगडाची भर. पायाचा दगड स्वस्त, मऊ चुनखडी, कारण दिसणार नसतो. पार्थेनॉनच्या खाली तर आधीच्या, पर्शियनांनी इ.स.पू. ४८० मध्ये जाळलेल्या अर्धवट मंदिराचा चौथरा तयारच होता. टेकडीला दक्षिणेकडे उतार असल्याने त्या बाजूला तो दहाएक मीटर खोल जातो आणि उत्तरेला जेमतेम खडकाला टेकलेला.

पायाच्या सगळ्यात वरच्या थराला युथिंटेरिया म्हणतात, म्हणजे लेव्हलचा थर. इथून पुढे जे दिसणार ते मापात. ओळंबा, गुण्या, दोरी आणि ए आकाराच्या चौकटीला टांगलेला ओळंबा, एवढ्यावर लेव्हल काढायचे.

## टप्पा ५: पायऱ्या आणि फरशी

साधारणपणे तीन पायऱ्या, सगळ्यात वरची म्हणजे स्टायलोबेट, खांब तिच्यावर थेट उभे राहतात. डोरिक खांबाला खाली बेस नसतो, हे शंभरदा सांगूनही मॉडेलमध्ये बेस येतोच.

पायऱ्यांची उंची मंदिराच्या मापाने ठरते, माणसाच्या नाही. पार्थेनॉनची एक पायरी अर्ध्या मीटरहून जास्त उंच आहे, चढताच येत नाही नीट. म्हणून प्रवेशाच्या बाजूला मधे लहान पायऱ्या नाहीतर रॅम्प द्यायचे. मॉडेलवर माणसं ठेवली असतील तर पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर जाते की नाही बघा.

आता तो प्रसिद्ध बाक. पार्थेनॉनचा स्टायलोबेट सपाट नाही, मधे फुगलेला आहे, सुमारे ३०.९ मीटरच्या बाजूला ६ सेंटिमीटर आणि ६९.५ मीटरच्या बाजूला ११ सेंटिमीटर. हा बाक पायऱ्यांपासूनच द्यावा लागतो आणि तो वर तुळईपर्यंत जातो. तुमचं मॉडेल १:१०० असेल तर हा बाक होतो अर्धा-एक मिलिमीटर. म्हणजे दाखवूच नका. पुस्तकातल्या आकृतीत तो कळावा म्हणून केळ्यासारखा वाकवलेला असतो, तसाच उचलून मॉडेलला देणारे आहेत, आणि मग परीक्षक विचारतात की मंदिर खचलंय का.

सावधान: पायऱ्यांच्या पुढच्या बाजूवर अजून जादा दगडाची पातळ साय आणि उचलायचे गोळे (दोर अडकवायला दगडावर सोडलेले उंचवटे) तसेच ठेवायचे. वर दहा वर्षं काम चालणार आहे, छिन्न्या पडणार, दगड घासणार. सेजेस्टाच्या मंदिराच्या पायऱ्यांवर ते गोळे आजही आहेत कारण शेवटचा हात मारायची वेळच आली नाही.

## टप्पा ६: सांधे. इथे घाई करू नका

या मंदिरांत चुना नाही, सिमेंट नाही, काहीच नाही. दगडाला दगड कोरडा भिडवायचा. हे ऐकून लोक समजतात की दोन्ही दगडांचे पूर्ण पृष्ठभाग आरशासारखे घासायचे. उलट आहे. फक्त कडेची एक पट्टी बारीक छिन्नीने अगदी सपाट करायची आणि मधला भाग किंचित खोल, खडबडीत ठेवायचा. याला अनाथिरोसिस म्हणतात. कमी जागा घासावी लागते आणि बाहेरून सांधा केसाएवढा दिसतो.

सपाट झालं की नाही हे डोळ्याने कळत नाही. ग्रीसमधल्या लेबाडियाच्या झ्यूस मंदिराच्या फरशीचा करार दगडावर कोरलेला मिळालाय, त्यात तपासणीची पद्धतच दिलीय. लांब सरळ पट्टीला तेलात कालवलेली तांबडी काव लावायची आणि ती दगडावर ठेवून फिरवायची. जिथे उंचवटा तिथे लाल डाग उमटतो, तो भाग छिन्नीने उतरवायचा, पुन्हा पट्टी फिरवायची, डाग सगळीकडे सारखा येईपर्यंत. तेल शुद्ध आणि काव सिनोपी गावची असावी एवढं सुद्धा लिहिलंय. आणि काम करताना दुसऱ्याचा दगड फोडलात तर भरपाई तुमच्या खिशातून. मशीन शॉपमधली जुनी माणसं अजून असंच निळा रंग लावून सपाटी बघतात.

दगड बसवायचा क्रम असा: दगड खाली उतरवा, खालच्या थरावर कोरलेल्या छोट्या खाचेत पहार घालून तो शेजाऱ्याला भिडेपर्यंत सरकवा, मग मोकळ्या टोकाला खालच्या थरात जाणारी उभी लोखंडी खुंटी बसवा, आणि शेजारच्या दगडाला वरून आडवा लोखंडी क्लॅम्प. पार्थेनॉनमध्ये क्लॅम्प दोन टोकांना टी असा, म्हणजे आडव्या एचसारखा दिसणारा. खाचेत लोखंड ठेवून भोवती वितळलेलं शिसं ओतायचं.

हे शिसं उगाच नाही. ते लोखंडाला पाणी-हवा लागू देत नाही आणि भूकंपात थोडं दबून घेतं. शिसं काढलं तर काय होतं याचा खराखुरा प्रयोग अॅक्रोपोलिसवरच, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीवरच झालाय. १८९८ ते १९३३ या काळात इंजिनिअर निकोलाओस बालानोस यांच्या हाताखाली दुरुस्ती झाली तेव्हा लोखंड वापरलं ते शिशाशिवाय, ते गंजलं, गंजून फुगलं आणि आतून संगमरवर तडकला. अडीच हजार वर्षं टिकलेले दगड काही दशकांत फुटले. १९७५ नंतरच्या दुरुस्तीत ते सगळं लोखंड काढून टायटॅनियम घालतायत.

तपासा: सेक्शन ड्रॉइंगमध्ये दगडांच्या मधे चुन्याची जाड रेघ काढली असेल तर खोडा. आणि क्लॅम्प बाहेरून दिसत असतील तर तेही चूक, वरचा थर बसला की ते कायमचे झाकले जातात.

## टप्पा ७: खांब

आधी बाहेरची खांबांची रांग की आधी गाभाऱ्याच्या भिंती? सगळीकडे एकच उत्तर नाही, पण पार्थेनॉनमध्ये बाहेरची रांग आधी, आणि सेजेस्टाला तर ३६ खांब, तुळया, दोन्हीकडची त्रिकोणी टोकं उभी आहेत आणि आत गाभाराच नाही. "आत गाभारा बांधून मग भोवती खांबांचा व्हरांडा जोडला" असं दाखवणाऱ्यांनी सेजेस्टाचा एक फोटो समोर ठेवावा.

खांब एका अखंड दगडाचा असू शकतो, कॉरिंथच्या अपोलो मंदिराचे तसे आहेत. पण पार्थेनॉनमध्ये एकेका खांबाला दहा ते बारा ड्रम, एकावर एक, १०.४ मीटर उंचीपर्यंत. हे ड्रम बरोबर मध्यावर कसे बसवायचे? प्रत्येक ड्रमच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला मधोमध एक चौकोनी खड्डा खणायचा, त्यात लाकडी गुटका घट्ट ठोकायचा, गुटक्याला मधे गोल भोक, आणि खालच्या-वरच्या गुटक्यांच्या भोकात एकच गोल लाकडी खुंटी. वरचा ड्रम खुंटीवर उतरला की आपोआप मध्यावर. सांधे इतके घट्ट की पार्थेनॉनचे खांब उकलले तेव्हा आतलं हे लाकूड शाबूत मिळालं. हे गुटके भार घेत नाहीत, त्यांचं काम मध्य पकडण्याचं.

उचलायला प्रत्येक ड्रमच्या अंगावर चार गोळे ठेवलेले असतात, त्यांना दोर अडकवायचे. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून कप्प्या आणि रहाटासारख्या चाकाची क्रेन वापरात आली, त्याआधी मातीचे उतार. कुठे दगडाला यू आकाराची खोबण, कुठे वर भोक पाडून त्यात लोखंडी पकड. तुमचं मंदिर इ.स.पू. ६०० चं असेल तर क्रेन दाखवू नका, ४४० चं असेल तर मातीचा डोंगर दाखवू नका.

पन्हळ्या आता पाडायच्या नाहीत. पुन्हा लिहितो, आता नाही. फक्त दोन ठिकाणी, सगळ्यात खालच्या ड्रमच्या तळाला आणि सगळ्यात वर कॅपिटलच्या मानेला, बोटभर पन्हळ्या कोरून ठेवायच्या, नंतर दोरी धरून वर-खाली जोडायला खूण म्हणून. बाकी खांब गोल, जाड, गोळ्यांसकट. पर्शियनांनी जाळलेल्या त्या आधीच्या मंदिराचे असे अर्धवट ड्रम अॅक्रोपोलिसच्या उत्तरेच्या तटात बसवलेले आहेत, खाली गावातून वर बघितलं तरी दिसतात.

खांब सरळ उभेही नाहीत. सगळे आत किंचित कललेले, साधारण ७ सेंटिमीटर. हा कल प्रत्येक ड्रममध्ये थोडा थोडा द्यायचा नसतो, खालचाच ड्रम एका बाजूला किंचित उंच कापायचा, वरचे ड्रम आपोआप त्या रेषेत जातात. कोपऱ्याचा खांब जरा जाड. आणि खांबाचा फुगवटा पार्थेनॉनमध्ये दोन सेंटिमीटरच्याही आत आहे, तो पोट सुटल्यासारखा दाखवायची गरज नाही. पोट सुटलेलेच खांब हवे असतील तर दक्षिण इटलीतल्या पेस्टमचं हेराचं जुनं मंदिर घ्या, तिथे ते खरंच तसे आहेत.

## टप्पा ८: तुळई, ट्रायग्लिफ, मेटोपी

तुळईचा सांधा नेहमी खांबाच्या मध्यावर. दोन खांबांच्या मधे सांधा काढलात तर दगड खालीच येईल, आणि तरी दर वर्षी एखादं मॉडेल असतंच.

पार्थेनॉनची तुळई जाडीत एक नाही, तीन पातळ दगड उभे शेजारी शेजारी. हिशेब करा: ४.३ मीटर लांब, १.३५ उंच, १.७७ जाड असा एकच दगड घेतला तर साधारण २७-२८ टन. तीन भाग केले की एकेक नऊ-साडेनऊ टन, जो क्रेनला झेपतो.

त्याच्यावर ट्रायग्लिफ. त्यांच्या दोन्ही कडांना उभी खाच असते आणि मेटोपीची फळी वरून त्या खाचांत सरकवायची. म्हणजे मेटोपी बसल्याशिवाय वरची कॉर्निस (बाहेर आलेली दगडी कड) ठेवताच येत नाही, आणि म्हणून मेटोपीवरची शिल्पं आधी, खाली जमिनीवर, कोरून तयार हवीत. पार्थेनॉनच्या ९२ मेटोपी इ.स.पू. ४४२ च्या सुमाराला झालेल्या होत्या, छपराच्या कितीतरी आधी. सगळी शिल्पं शेवटी लावली हा गैरसमज इथे निकालात निघतो.

तपासा: मेटोपींचा आकडा. खांबांच्या संख्येतून एक वजा करा आणि दोनने गुणा. समोर ८ खांब, मेटोपी १४. बाजूला १७ खांब, मेटोपी ३२. दोन दोन बाजू मिळून ९२. तुमचा आकडा जुळला नाही तर कोपऱ्यात काहीतरी गडबड आहे.

गाभाऱ्याच्या भिंती याच सुमाराला वर येतात. त्यांच्याही बाहेरच्या बाजूवर जादा दगड तसाच.

## टप्पा ९: छप्पर

खांब-भिंतींवर तुळया, तुळईवर उभे टेकू, टेकूवर मधलं आढं, मग वासे. आजच्या अर्थाने त्रिकोणी ट्रस ग्रीसमध्ये वापरात नव्हता, त्यामुळे रुंदी लाकडाच्या लांबीने बांधलेली, आणि मोठ्या गाभाऱ्यात म्हणूनच आतही खांबांच्या दोन ओळी लागतात. लाकूड उरलेलं नाही, पण दगडात कोरलेल्या खाचांवरून तुळयांची मापं काढता येतात. सायप्रस, देवदाराच्या जातीची झाडं, फर.

कौलं बहुधा भाजलेल्या मातीची, श्रीमंत मंदिरावर संगमरवराची. सपाट कौल आणि दोन कौलांच्या सांध्यावर उलटं झाकण-कौल. आपल्याकडच्यासारखीच वळचणीपासून सुरू करून वर आढ्याकडे चढवत न्यायची. काठाला पन्हळ आणि पाणी बाहेर फेकायला सिंहाची तोंडं, पण सगळी तोंडं उघडी असतातच असं नाही, पार्थेनॉनच्या कोपऱ्यांवरची निव्वळ शोभेची आहेत.

पार्थेनॉनचं छप्पर इ.स.पू. ४३८ पर्यंत झालेलं होतं कारण त्या वर्षी आतली अथेनाची मूर्ती अर्पण झाली. त्यापुढची सहा वर्षं दोन्हीकडच्या त्रिकोणातल्या शिल्पांना गेली. ती सुटी, पूर्ण कोरलेली, पाठीमागूनसुद्धा, जिथे कुणीच बघणार नाही.

## टप्पा १०: वरून खाली तासणं

आता तो जादा दगड काढायचा. परांची बांधायची आणि कॉर्निसपासून खाली उतरायचं. उलटं केलं, म्हणजे खालून वर गेलं, तर वरचे ढलपे खालच्या तयार कामावर पडतात, एवढं साधं कारण आहे.

गोळे उडवा. भिंतीवरची साय काढा. खांबांवर वरच्या मानेपासून तळाच्या खुणेपर्यंत दोरी धरून पन्हळ्या आखा, डोरिकला २०, आयोनिकला (दुसरी, सडपातळ खांबांची शैली) २४. डोरिकमध्ये दोन पन्हळ्यांच्या मधली कड धारदार असते, आयोनिकमध्ये सपाट पट्टी. धारदार कड म्हणजे काय हे कळायला मुंबईकरांनी एशियाटिकच्या टाऊन हॉलच्या डोरिक खांबांवरून एकदा हात फिरवून यावा. अशी कड घेऊन सात टनाचा ड्रम बैलगाडीतून आणला असता तर काय उरलं असतं ते वेगळं सांगायला नको.

हे काम टोळीने व्हायचं. अथेन्सच्या एरेख्थियोन मंदिराचे इ.स.पू. ४०९ ते ४०६ च्या सुमाराचे हिशेब आहेत, त्यात एका खांबावर चार ते सात जण पन्हळ्या पाडताना दिसतात, नागरिक, बाहेरून आलेले रहिवासी आणि गुलाम एकत्र, आणि मजुरी सगळ्यांना सारखीच. ॲनिमेशनमध्ये एकच पाथरवट एका खांबाला भिडलाय असं नको.

सगळ्यात शेवटी पायऱ्या आणि स्टायलोबेट, खांबाच्या बुडाभोवतीची फरशी सुद्धा आत्ताच उतरवायची.

सावधान: चुनखडीचं मंदिर असेल तर गिलावा पन्हळ्या पाडल्यानंतर, आधी नाही.

## टप्पा ११: रंग

बांधकाम पूर्ण दाखवायचं तर रंग हवाच. ट्रायग्लिफ निळे, त्याखालची सपाट पट्टी लाल, शिल्पांमागची पार्श्वभूमी बहुधा निळी नाहीतर लाल, शिल्पांवर कातडीचे-कपड्यांचे रंग, काही जागी सोन्याचा मुलामा, आणि घोड्यांचे लगाम वगैरे ब्राँझचे, वेगळे करून खोचलेले. खांबांचं अंग बहुतेक तसंच पांढरं. सगळं मंदिर इंद्रधनुष्यासारखं रंगवू नका, रंग मुख्यतः वरच्या पट्ट्यात.

## वेळापत्रक किती धरायचं

टाइमलाइन लावणाऱ्यांसाठी. एपिडॉरसचं अस्क्लेपियसचं मंदिर, मध्यम आकाराचं, हिशेबांवरून पाच वर्षांच्या आत उरकलं. पार्थेनॉन, छपरापर्यंत नऊ आणि शिल्पांसकट पंधरा, आणि तेही पैसा हाताशी, खाण जवळ आणि पाया तयार असताना. डिडिमाचं इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीला सुरू झालं आणि शतकानुशतकं चालून अपुरंच राहिलं. दगड लांबून, बोटीने येणार असेल तर वाहतुकीचा वेळ बांधकामापेक्षा वेगळा धरा आणि बांधकाम सुरू झाल्यावरही खाण चालूच ठेवा, सगळे दगड आधी आणून रचून ठेवले आणि मग काम सुरू केलं असं साइटवर होत नव्हतं.